जुनी ९४४ घ्यावी की पैसे साठवून ९११च?

"९४४ घेतली तर लोक खरी पोर्शे मानतील का" असं तुम्ही विचारलंय म्हणून लिहितोय, नाहीतर अशा प्रश्नांच्या वाट्याला मी जात नाही. माझ्याकडे ८६ची ९४४ आहे, श्टुटगार्टजवळ राहतो, आणि लोकांचं म्हणाल तर मला माझे साडूच पुरेसे आहेत.

साडूसाहेबांकडे ९९६ आहे. म्हणजे ९११च, पण नंतरच्या पिढीतली, वॉटरकूल्ड (इंजिन पाण्याने थंड होणारी), तळलेल्या अंड्यासारख्या हेडलाईटची, जिला बघून खुद्द जुने ९११वालेच नाकं मुरडतात. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही घरं मिळून ब्लॅक फॉरेस्टच्या बी-५०० रस्त्याने निघालो, मुमेलझे तळ्यापाशी थांबलो तर तिथे दोनचार जुन्या एअरकूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) ९११ लागलेल्या. त्यातले एक आजोबा माझ्या गाडीभोवती फिरून बघायला लागले तेवढ्यात साडू म्हणतात, "ती ऑडीच्या इंजिनवाली आहे." माझ्या बायकोसमोर, मेव्हणीसमोर! मी काही न बोलता बॉनेट उघडलं.

ऑडीचं इंजिन होतं ते ९४४च्या आधीच्या ९२४मध्ये, दोन लिटर, १२५ हॉर्सपॉवर. ती गाडी पोर्शेने मुळात फोक्सवॅगनसाठीच डिझाईन केली होती, फोक्सवॅगनने अंग काढून घेतलं म्हणून पोर्शेने स्वतःच्या नावाने विकली. ९४४चं अडीच लिटर मात्र पोर्शेचंच, पोर्शेच्याच ९२८ गाडीतल्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाचं अर्धं म्हणा, तिरकं बसवलेलं, आणि एवढ्या मोठ्या चार सिलिंडरची थरथर मारायला त्यात दोन बॅलन्स शाफ्ट, ते तंत्र मित्सुबिशीकडून लायसन्सवर घेतलेलं. आजोबांना हे सगळं पाठ होतं. बेल्टच्या काळ्या कव्हरवर टकटक करून त्यांनी एवढंच विचारलं, दोन्ही बेल्ट, टायमिंगचा आणि बॅलन्स शाफ्टचा, कधी बदललेस? मी ग्लोव्ह बॉक्समधली गॅरेजची पावती काढून हातात दिली. साडूंना दोन बेल्ट असतात हेच माहीत नव्हतं.

आणि दुसऱ्याचे पार्ट म्हणून हिणवायचं तर १९४८ची पहिली पोर्शे, ३५६, कशातून उभी राहिली? इंजिन फोक्सवॅगन बीटलचं, सस्पेन्शन बीटलचं. ९९६चा पुढचा भाग तर सरळ पोर्शेच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टरचा, कारण नव्वदीच्या सुरुवातीला कंपनी बुडायच्या बेतात होती, दोन वेगळ्या गाड्या करणं परवडतच नव्हतं. मग खरी कुठली आणि खोटी कुठली ते ठरवणारे हे कोण?

तेव्हा ९४४च घ्या. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असल्याने वजन पुढेमागे जवळपास निम्मं-निम्मं, वळणात गाडी सांभाळून घेते. त्या काळच्या ९११मध्ये इंजिन मागे, त्यामुळे वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात तर शेपूट पुढे येतं. ९२४च हवी असेल तर ९२४ एस शोधा, तिच्यात इंजिन ९४४चंच.

हां, पण स्वस्त ९४४ स्वस्तात पडत नाही. टायमिंग बेल्ट तुटला की वाल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, आणि क्लच बदलायचा तर मागचा गिअरबॉक्स आणि टॉर्क ट्यूब (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी नळी) खाली उतरवावी लागते, मजुरी ऐकूनच घाम फुटतो. डॅशबोर्डला भेगा असणारच, त्याचं मनावर घेऊ नका. मागची काच फ्रेमपासून सुटलीय का ते मात्र बघा. पावत्या नसतील तर गाडी कितीही चकचकीत असो, परत फिरा.

९९६चं आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) गेलं की अख्खं इंजिन जातं. साडूंनी ते बदललंय का हे मी अजून विचारलेलं नाही. दिवाळीला येतायत, फराळाला बसले की सगळ्यांसमोर विचारणार आहे.