सरकारी शेअर, एजंट आणि रशियाची अर्धी गोष्ट

सरकारी कंपन्यांच्या विक्रीबद्दल नागपूरकर वाचकांच्या त्याच त्या शंका दर आठवड्याला येतात, म्हणून आज एकत्र उत्तरं.

प्रश्न : १९९१ आधी भारत रशियासारखाच समाजवादी होता ना? (विद्यार्थिनी, महाल)

नाही, आपली अर्थव्यवस्था मिश्र होती, म्हणजे सरकारी आणि खाजगी उद्योग शेजारी शेजारी चालत.

प्रश्न : मॉयलचे (मँगनीज खाणींची सरकारी कंपनी) शेअर बाजारात आले, म्हणजे ती खाजगी झाली?

नाही. २०१०मध्ये काही हिस्साच विकला गेला. निम्म्याहून जास्त मालकी आजही केंद्र आणि राज्य सरकारांकडे आहे.

प्रश्न : इतवारीतला एक एजंट म्हणतो, सरकारी कंपनी खाजगी होण्याआधीच शेअर घ्या, वर्षात तिप्पट. रशियात म्हणे असेच सगळे श्रीमंत झाले. तीन लाख भरू का? (निवृत्त शिक्षक, मानेवाडा)

मुळीच भरू नका, गुरुजी. त्याने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. २ जानेवारी १९९२ला रशियात बहुतेक भावांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, वर्षभरात महागाई दोन हजार टक्क्यांवर गेली आणि बँकेतली पुंजी मातीमोल झाली. त्याच ऑक्टोबरपासून नागरिकांना १०,००० रुबलचं व्हाउचर, म्हणजे सरकारी कंपन्यांचे शेअर घ्यायचं कुपन, मिळू लागलं. खाजगीकरणाचे प्रमुख चुबाईस सांगत, याच्या दोन व्होल्गा मोटारी होतील. पण घरात खायचे वांधे! अनेकांनी ते मिळेल त्या भावात विकलं, अनेकांनी व्हाउचर गोळा करणाऱ्या फंडांत घातलं आणि त्यातले कितीतरी फंड गायब झाले. १९९४मध्ये टीव्हीवर जाहिराती करणारी ‘एमएमएम’ ही नव्यांच्या पैशातून जुन्यांना नफा देणारी योजना लाखोंना घेऊन बुडाली. अल्बानियात तर अशा योजना बुडाल्यावर १९९७मध्ये दंगली पेटून सुमारे दोन हजार माणसं मेली. जुने नियम गेलेले, नवे बसलेले नाहीत, अशा वेळीच फसवणाऱ्यांचं फावतं.

सरकार आपला हिस्सा दारोदार एजंट पाठवून विकत नाही. त्या एजंटचा सेबी (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) नोंदणी क्रमांक मागा, सेबीच्या संकेतस्थळावर तपासा आणि कागद सीएला दाखवा. पैसे दिले असतील तर आजच पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. ‘बघू, देईल’ म्हणत थांबू नका.

प्रश्न : वडिलांच्या पेटीत कागदी शेअर सापडले. विकता येतील?

थेट नाही. १ एप्रिल २०१९पासून त्यासाठी डीमॅट, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवणारं खातं, लागतं. वारसाची कागदपत्रं घेऊन आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला (भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) लिहा. ‘मी करून देतो, निम्मे माझे’ म्हणणाऱ्याच्या हाती मूळ प्रमाणपत्र देऊ नका.