मुलांना ‘गरिबी दाखवायला’ पाड्यावर न्यावं का?

तुम्ही मुंबईचे. मे महिन्यात नाशिकला येताना मुलांना त्र्यंबक-पेठकडच्या एखाद्या पाड्यावर न्यायचंय, पाण्याची किंमत कळावी म्हणून, आणि त्यात काही गैर आहे का असं विचारताय. मी नाशिकचाच आहे. तेवढ्यासाठीच जाणार असाल तर जाऊ नका.

हंडा घेऊन विहिरीत उतरणारी बाई दर उन्हाळ्यात पेपरात येते. मुलांना ती दिसेल, पण कारण दिसणार नाही. याच तालुक्यांत पावसाळ्यात बदाबदा पाऊस पडतो. उताराचा काळा कातळ तो धरून ठेवत नाही, आणि अडवलेलं पाणी पाड्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या नळाला ज्या सात तलावांचं पाणी येतं, त्यातलं अप्पर वैतरणा आमच्या जिल्ह्यात आहे. मुलांना ते धरण दाखवा. मग उन्हाळ्यात याच भागातल्या वाड्यांना टँकर का लागतो, हे त्यांना समजावून सांगा. सांगताना आपल्यालाच जरा जड जाईल, जाऊ दे.

पर्यटकांना धारावीची झोपडपट्टी दाखवणाऱ्या सहलींचा दाखला लोक हमखास देतात. तिथल्या एका जुन्या कंपनीने फोटोंना बंदी घातली, नफ्यातला ८० टक्के वाटा सामाजिक कामाला ठेवला, आणि दाखवतात ते कुंभारवाडा, चामड्याचं काम, प्लास्टिकचं भंगार, म्हणजे तिथले उद्योग. पाड्यावर परस्पर गाडी घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तरी दारात भांडी घासत बसलेल्या बाईला कोणी विचारलेलं नसतं, म्हणून माझं मन पूर्ण मानत नाही.

मार्च २०१८ मध्ये आमच्याकडचे हजारो आदिवासी शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले. त्यांच्या सोललेल्या तळपायांचे फोटो देशभर फिरले. ते मला खटकले नाहीत. लोकांनी बघावं म्हणूनच ते रस्त्यावर उतरले होते. दिवाळीत फराळ वाटायला जाणारे आमच्या शहरातले ग्रुप मात्र खटकतात (आधी सेल्फी, मग लाडू).

पाड्यावर जायचंच असेल तर गिऱ्हाईक म्हणून जा. ओळखीच्या माणसाकडून आधी निरोप पाठवून नागलीची (म्हणजे नाचणीची) भाकरी आणि भाजी असं जेवण सांगा. ते नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा. हो म्हणाले तर सांगतील तो दर द्या, घासाघीस नको. आणि मोबाईल खिशात राहू द्या.