पुण्याहून कोकणात जाऊन लांबचे किनारे साफ करण्यात खरंच काही अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की साफ केलेला किनारा पुढच्या पावसाळ्यात परत भरतो, मग पुण्याहून घाट उतरून जायचं कशाला. मी इथल्या एका ग्रुपबरोबर पावसाळा संपला की जातो आणि माझं म्हणणं आहे की जावंच. परत येतो तो दुसरा कचरा. आज जी बाटली उचलली नाही ती उन्हाने कडक होते, लाटांनी फुटते आणि एकदा तिचा चुरा वाळूत मिसळला की मग तो कोणाच्या बापाला वेचता येत नाही.

फक्त निघायच्या आधी एक पक्कं करा, भरलेल्या गोण्या जाणार कुठे. वेचणं सोपं आहे हो, पण रस्ता नसलेल्या पुळणीवरून ओल्या जाळ्यांची गोणी खांद्यावर टाकून वर चढायचं म्हणजे जीव निघतो. सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटावर २०१९ मध्ये स्वयंसेवकांनी पाच आठवडे राबून सुमारे २५ टन कचरा काढला, वजनाने बहुतेक मासेमारीचे दोर नि जाळी, शिवाय चपलाच चपला, आणि तो सगळा बोटीने हलवावा लागला, तरी अजून ५०० टनांच्या आसपास तिथेच पडलाय असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडे निदान गावापर्यंत टेम्पो येतो. म्हणून आधी ग्रामपंचायतीला फोन करा. बाटल्या भंगारवाला घेतो, वेफर्सची पाकिटं आणि थर्माकोल कोणी घेत नाही, ते गावाबाहेर टाकलं की कोणीतरी पेटवतं आणि धूर गावकऱ्यांच्या नाकात, हे मला अजिबात सहन होत नाही. म्हणून ज्याला गिऱ्हाईक नाही ते आम्ही रिसायकलिंगवाल्याशी आधी बोलून गाडीतून पुण्यात आणतो.

ओहोटीची वेळ बघून पोचा. वाळूत रुतलेलं जाळं ओढत बसू नका, कोयत्याने कापत काढा. किनाऱ्यावर पसरलेली मर्यादवेल उपटू नका, ती वाळू धरून ठेवते. आणि थंडीत वेळास, आंजर्ले बाजूला जाणार असाल तर तिथल्या कासवमित्रांना विचारूनच पुळणीवर उतरा, ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूखाली असतात. रात्री मुक्काम असेल तर टॉर्च घेऊन किनाऱ्यावर फिरू नका, उजेड दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरते.