पैसे खात्यात दिसले म्हणजे आपले झाले असं धरू नकोस

बाळा,

तुझा मेसेज वाचला. टेक्सासहून कोल्हापुरी चपलांच्या चाळीस जोडांची ऑर्डर आली, पैसे पण जमा झाले, घरात सगळे खूश आहेत, मला पण आनंद झाला गं, पण खरं सांगायचं तर सोबत काळजी पण वाटली, म्हणून फोनवर न बोलता लिहूनच पाठवते, फोनवर ऐकलेलं राहत नाही लक्षात आणि हे तुला दर ऑर्डरला लागणार आहे.

आधी त्या ऑर्डरचंच बोलू. पहिल्यांदाच ऑर्डर देणारा माणूस, किमतीत घासाघीस नाही, सगळ्या साइझचे जोड मिसळून, घाई भयंकर, आणि वर म्हणतोय की माझाच कुरिअर एजंट उचलेल, त्याचे पैसे मी तुला कार्डावरून जादा पाठवलेत ते तू त्याला परस्पर दे. हे शेवटचं वाक्य वाचून मी थांबले. असे जादा पैसे पाठवणाऱ्याचं कार्ड बऱ्याचदा चोरीचं असतं, खरा कार्डवाला महिन्याने स्टेटमेंट बघतो, बँकेला कळवतो, बँक सगळी रक्कम मागे ओढते आणि तू एजंटला दिलेले पैसे मात्र गेले ते गेले. आता ऑर्डर खरी पण असू शकते, मिलानच्या त्या प्राडाच्या फॅशन शोनंतर जून २०२५ पासून आपल्या पायताणाचं नाव जगभर झालंय, तिकडचे दुकानदार खरंच विचारतात. पण खऱ्या दुकानदाराला तू म्हणालीस की कार्डाचे पैसे परत करते, तुम्ही बँकेतून टीटी, म्हणजे थेट खात्यात पैसे, पाठवा, तर तो पाठवतो, त्याला रोजचंच आहे ते. खोटा असेल तर गायब होतो. परत करायचे ते पूर्ण पैसे, आणि ज्या ट्रॅन्झॅक्शनने आले त्यातूनच, दुसऱ्या कुठल्याही खात्यात नाही. घाऊक ऑर्डर कार्डावर घ्यायचीच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पुढे कोणी उधारीवर माल मागितला तर ईसीजीसी म्हणून सरकारी कंपनी आहे, १९५७ पासून निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवते, मुंबईत हेड ऑफिस आहे, तिथं चौकशी करूनच हो म्हणायचं.

आपली एक सवय आपल्याला फसवते ती म्हणजे ओटीपीची. इथं ऑनलाइन कार्ड वापरलं की ओटीपी येतो, त्यामुळं आपल्याला वाटतं पेमेंट झालं म्हणजे माणूस खरा. परदेशी बँकेच्या कार्डाला आपल्या रिझर्व्ह बँकेचा तो नियम लागू नाही, अमेरिकन कार्ड तर नुसत्या नंबरवर चालतं बहुतेक वेळा. आणि समजा व्हेरिफिकेशन झालंच तरी 'हे पेमेंट मी केलंच नाही' एवढ्याच तक्रारीपासून ते वाचवतं, 'माल मिळाला नाही' किंवा 'सांगितल्यासारखा नाही' यातून नाही.

मुदती पण पाठ करून ठेव. पेपॅलवर, ज्यातून आपण परदेशातले पैसे घेतो, गिऱ्हाईकाला पैसे दिल्यापासून १८० दिवस तक्रार करता येते. बँकेचा चार्जबॅक, म्हणजे कार्डवाल्याच्या तक्रारीवरून बँकेने पैसे मागे ओढणं, वेगळा, व्हिसा कार्डाच्या नियमात माल मिळाला नाही म्हणणाऱ्याला १२० दिवस असतात आणि ते मोजायचे माल पोचायला हवा होता त्या तारखेपासून, म्हणजे पेमेंटपासून धरलं तर अजून लांब. पेपॅल तर आपल्याकडं रोजच्या रोज पैसे बँकेत टाकून देतं, बरं वाटतं, पण तक्रार हरलीस की खातं मायनसमध्ये जातं आणि पुढच्या गिऱ्हाईकाचे पैसे त्यात वळते होतात. तोवर बाबांनी चामडं आणलेलं असतं, कारागिरांची मजुरी दिलेली असते. म्हणून दर महिन्याच्या परदेशी विक्रीतला काही भाग सहा महिने हात न लावता वेगळ्या खात्यात ठेवायचा. किती ते तुझ्या विक्रीवर ठरव, पण ठेव. दिवाळीला मोडू नकोस.

आता मुख्य गोष्ट. डिस्प्युटचा, म्हणजे गिऱ्हाईकाच्या तक्रारीचा, निकाल देणारा माणूस तुझी चप्पल कधी हातात घेत नाही. तू खरी आहेस, बाबांच्या हाताला तोड नाही, वेणी कशी बारीक घातलीय, त्याला यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त कागद दिसतात. त्यामुळं पार्सल निघायच्या आधीच कागद तयार पाहिजेत, तक्रार आल्यावर जमवायला गेलं की निम्मे मिळत नाहीत.

माल मिळाला नाही या तक्रारीत तीन गोष्टी बघतात, पत्ता, ट्रॅकिंग आणि सही. पेमेंटच्या पानावर जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर पाठवायचं. गिऱ्हाईक नंतर गोड बोलून मेसेज करतं की मी बहिणीकडं आहे तिकडं पाठव, तिथं हो म्हणायचं नाही, पैसे परत करायचे आणि नव्या पत्त्यासकट परत ऑर्डर द्यायला सांगायचं. राग येतो काहींना, येऊ दे, कारण पत्ता बदलला की पेपॅलचं सेलर प्रोटेक्शन, म्हणजे विकणाऱ्याला मिळणारं संरक्षण, गेलं. कोणी स्वतः येऊन माल नेला तरी तेच. ७५० डॉलर किंवा जास्तीचा व्यवहार असेल तर नुसतं 'डिलिव्हर्ड' चालत नाही, घेणाऱ्याची सही लागते. तिकडं दारात पार्सल ठेवून जायची पद्धत आहे आणि दारातून चोरी पण होते, तेव्हा सहीचे पैसे वाचवू नकोस. पोस्टातून पाठवलंस तर पावतीवरचा तेरा अक्षरी नंबर, पुढं दोन अक्षरं मागं आयएन, तोच अमेरिकन पोस्टाच्या साइटवर पण चालतो, तिथला डिलिव्हरीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेव, ट्रॅकिंगच्या नोंदी काही महिन्यांनी दिसेनाशा होतात. आणि पावतीवरचं वजन! काही जण म्हणतात डबा रिकामा आला, तेव्हा ग्रॅममधलं ते वजन उपयोगी पडतं.

पण आपल्या धंद्यात जास्त त्रास 'सांगितल्यासारखा नाही' याचा, आणि इथं पेपॅलचं ते प्रोटेक्शन लागूच होत नाही. कोल्हापुरी ज्याने आयुष्यात घातली नाही त्याला नव्या जोडाचा वास येतो, तेलाचे डाग दिसतात, पट्टा घट्ट लागतो, चालताना करकर आवाज येतो आणि त्याला वाटतं माल खराब आहे. चुकीचं नाही गं त्याचं, त्याला कोणी सांगितलंच नाही. तर हे सगळं तूच आधी लिही, झाडाची साल वापरून कमावलेलं कातडं आहे, रंग जोडाजोडात थोडा वेगळा असतो, पहिले काही दिवस घट्ट वाटेल मग पायाला बसेल, पाण्यात घालायची नाही. साइझ नुसता आठ नऊ लिहू नकोस, अमेरिकेचा नऊ आणि ब्रिटनचा नऊ एक नाही. पाय कागदावर ठेवून पेन्सिलने रेघ मारायला सांग आणि सेंटिमीटरमध्ये लांबी रुंदी मेसेजवर मागून घे, तोच मेसेज उद्या पुरावा होतो. पाठवायचा जो जोड आहे त्याचाच फोटो काढ, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि जीआयचा, म्हणजे ठराविक भागातलाच अस्सल माल या नोंदणीचा, शिक्का उगाच लावू नकोस. २०१९ ला जीआय मिळाला तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना, बाबांची नोंदणी आहे का ते बघ, नसेल तर आधी करून घे.

अशा तक्रारीत गिऱ्हाईकाला माल परत पाठवायला सांगतात खरं, पण तिकडून इकडं पाठवायचा खर्च जोडाच्या किमतीच्या वर जातो, आणि आला तरी हा आपलाच माल परत आलाय हे कस्टमला दाखवायला निर्यातीचे मूळ कागद लागतात. म्हणून एखाद्या जोडासाठी अर्धे पैसे परत देऊन मिटत असेल तर मिटव. स्वाभिमानाचा प्रश्न करू नकोस. मात्र बँकेचा चार्जबॅक आला असेल तर वेगळा रिफंड अजिबात द्यायचा नाही, नाहीतर दोनदा पैसे जातात, एकदा तू दिलेले आणि एकदा बँकेने ओढलेले.

कस्टमचं तर २०२५ ला सगळ्यांनीच भोगलं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी नसायची, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला गेली, त्याच्या चार दिवस आधीच आपल्या पोस्टाने तिकडच्या मालाचं बुकिंग थांबवलं, ते १५ ऑक्टोबरला परत सुरू झालं. मधल्या काळात ज्यांनी ऑर्डरी घेऊन ठेवल्या त्यांच्याकडं 'कुठाय माझं पार्सल' म्हणून तक्रारी. युरोपात जुलै २०२१ पासून छोट्या पार्सलला पण व्हॅट आहे, ब्रिटनमध्ये त्याच वर्षी जानेवारीपासून नियम बदलले. गिऱ्हाईकाला दारात अचानक बिल आलं की ते पार्सल नाकारतं, ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' उमटत नाही आणि तुझा सगळ्यात मोठा पुरावाच जातो. ड्युटी कोण भरणार हे किमतीच्या शेजारीच लिही, खाली बारीक अक्षरात नाही. जमत असेल तर तूच आधी भर आणि किमतीत धर. दर बदलत राहतात, तेव्हा प्रत्येक वेळी पोस्टात किंवा कुरिअरवाल्याला विचारूनच भाव सांग.

आणि ड्युटी वाचावी म्हणून कोणी म्हणालं की गिफ्ट लिहा, दहा डॉलर किंमत टाका, तर सरळ नाही म्हण. खोटं डिक्लेरेशन तर आहेच, पण पार्सल हरवलं की भरपाई त्या दहा डॉलरवर, आणि डिस्प्युटमध्ये तुझं बिल एक सांगतं आणि कस्टमचा फॉर्म दुसरं.

आपली मराठी माणसं तिकडं भरपूर आहेत, तीच तुझं पहिलं गिऱ्हाईक असणार. न्यू जर्सीची ताई म्हणेल माल मला पाठव, पैसे पुण्याहून माझा भाऊ जीपे करेल. माणूस चांगला असतो गं, पण निर्यातीचे कागद एका नावाचे आणि पैसे भलत्याच खात्यातून रुपयात, याचा मेळ बँकेत बसत नाही. तिला प्रेमाने सांग की तिच्याच नावाने डॉलरमध्ये दे.

तक्रार आलीच तर घाबरू नकोस आणि चिडून रात्री उत्तर लिहू नकोस. पेपॅलच्या क्लेमला साधारण १० दिवस मिळतात, गेटवेकडून, म्हणजे कार्डाचे पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीकडून, चार्जबॅक आला तर मेलमधली तारीख बघ, ती चुकली की न लढताच हरलो. उत्तर छोटं, तारखेच्या क्रमाने, ऑर्डर कधी, साइझचा मेसेज कधी, पार्सल कधी, सही कोणाची, एकेक फोटो जोडलेला. गिऱ्हाईक लबाड आहे वगैरे एक शब्द नको. लिहून झालं की पाठवायच्या आधी मला व्हॉट्सॲपवर टाक, मी सकाळच्या चहाच्या वेळी वाचून लगेच कळवते.

तुझी,
काकू