पिसं लावलेला पंखा

चाळीसगावच्या एका वाचकाने विचारलंय: 'विमान अपघाताच्या बातमीत "एक इंजिन बंद पडताच त्याच्या पंख्याला पिसे लावण्यात आली" असं वाचलं. ही पिसं कुठली?'

कुठलीच नाहीत. 'फेदर'चं हे शब्दशः मराठी. मूळ शब्द इंग्रज वल्हेकऱ्यांचा. वल्हं पाण्याबाहेर काढून मागे नेताना ते त्याचं पातं आडवं करतात, म्हणजे त्याला वारा अडत नाही. पुढे विमानवाल्यांनी तो शब्द उचलला.

खळ्यावर दादर ज्वारी उपणलेल्यांना वल्ह्याची गरज नाही. सूप वाऱ्यासमोर धरा, हातातून ओढलं जातं. कड वाऱ्याकडे करा, गप्प बसतं. जळगावच्या विमानतळावर एटीआर हे दोन पंख्यांचं विमान पाहिलं असेल, तर त्याच्या पंख्याची पातीही तशीच मुळाशी फिरतात. जोर न देणाऱ्या इंजिनाची पाती वाऱ्यासमोर पसरलेली राहिली, की ती विमानाला मागे खेचतात, दुसरं इंजिन पुढे ओढतं, आणि विमान लुळ्या बाजूला वळतं. जोडीतला एक बैल मागे पडला की गाडी त्याच अंगाला जाते, तसंच. उड्डाण घेताना वेग कमी, उंची त्याहून कमी. ठरावीक वेगाखाली शेपटीचं सुकाणूही हे वळण आवरू शकत नाही.

याला मराठी शब्द? 'पाती कडेवर घेतली' म्हणावं तर कडेवर मूल बसलेलं. 'धारेवर धरली' म्हणावं तर पात्यांची खरडपट्टी! मी 'फेदर'च ठेवीन, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'पात्यांची कड वाऱ्याकडे वळली' एवढं सांगीन.

खरं तर त्या वाक्यात मला पिसांपेक्षा 'बंद पडताच' जास्त खटकतं. 4 फेब्रुवारी 2015 रोजी तैपेईत ट्रान्सएशिया या विमान कंपनीचं एटीआर 72-600 उड्डाणानंतर लगेच नदीत कोसळलं. 58 पैकी 43 जण गेले. तिथे उजवं इंजिन बंद पडलंच नव्हतं. इंजिनाचा जोर मोजणाऱ्या सेन्सरच्या जोडणीत खंड पडत होता, त्यामुळे यंत्रणेने आपणहून त्याची पाती फेदर केली. आणि वैमानिकाने गडबडीत चांगलं चाललेलं डावं इंजिन बंद केलं. म्हणजे पडलं एकही नाही: एकाची पाती फेदर झाली, दुसरं बंद केलं गेलं. मराठीत 'पडणे', 'होणे' आणि 'करणे' अशी तीन क्रियापदं हाताशी असताना बातमीदार दर वेळी पहिलंच उचलतात.