एसपी, कांदा आणि फेब्रुवारीतले तीनशे रुपये

बारावीचा निकाल लागला की पत्रांचा ढीग वाढतो. यंदा त्यातली निम्मी अर्थशास्त्र, बिझनेस इकॉनॉमिक्स आणि पब्लिक पॉलिसीच्या पदव्यांबद्दल आहेत. पाच निवडली.

अकरावीत सगळ्यांचं ऐकून मॅथ्सऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलं. आता बिझनेस इकॉनॉमिक्स करायचंय. उशीर झाला का? (विद्यार्थिनी, पुणे)

थोडा झाला. ‘एसपी स्कोअरिंग आहे’ या वाक्याने कॉमर्सच्या मुलांचं किती नुकसान केलंय, याचा हिशेब कोणी मांडत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या बीए ऑनर्स इकॉनॉमिक्ससाठी सीयूईटी या केंद्रीय प्रवेश परीक्षेत मॅथ्स द्यावंच लागतं. चांगल्या बीएस्सी इकॉनॉमिक्सला तर पहिल्या सेमिस्टरपासून डेरिव्हेटिव्ह, म्हणजे गणितातला बदलाचा दर, मानगुटीवर बसतं. शंभर इडल्या झाल्यावर एकशे एकावी करायला खर्च किती वाढतो, तो सीमांत खर्च. इडलीपर्यंत गंमत असते, पुढे त्याचं समीकरण होतं.

तुला बीकॉम किंवा बीएचा रस्ता मोकळा आहे. तिथे राहून गणित आणि संख्याशास्त्र स्वतः भरून काढ. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) एकट्या गणिताची परीक्षाही देता येते, पण हव्या त्या कॉलेजात ती गुणपत्रिका धरतात का, हे फी भरण्याआधी विचारून घे.

घरी कांद्याची शेती आहे. पब्लिक पॉलिसी म्हणजे सरकारी योजना पाठ करायच्या का? (विद्यार्थी, निफाड)

नाही रे. तुझ्याच घरचं उदाहरण घे. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. तेव्हा उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत होता. शुल्क कागदावर निर्यातदार भरतो. पण परदेशातला खरेदीदार जास्त मोजायला तयार नसेल, तर निर्यातदार ती रक्कम लासलगावच्या लिलावात कमी बोली लावून वसूल करतो. कर कोणाच्या नावावर आणि भार कोणाच्या खांद्यावर, हा पहिला धडा.

मग ८ डिसेंबरला निर्यातच बंद. तो हंगाम लाल कांद्याचा. भाव पडला तर उन्हाळ कांदा चाळीत थांबतो. लाल थांबत नाही, काढला की विकावाच लागतो. भावाप्रमाणे पुरवठा किती कमीजास्त करता येतो, याला पुस्तकात पुरवठ्याची लवचीकता म्हणतात. तुझ्या वडिलांना हा शब्द माहीत नसेल, पण त्याचा अर्थ माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतो. मे २०२४ मध्ये बंदी उठली. शुल्क आधी २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला संपलं.

अशा काळात व्यापाऱ्याने किती माल उचलावा, हा बिझनेस इकॉनॉमिक्सचा प्रश्न. मुंबईतल्या गिऱ्हाइकाचे किती वाचले, ते निफाडच्या कोणाच्या खिशातून गेले आणि दुसरा मार्ग होता का, हा पॉलिसीचा. त्याच ऑगस्टमध्ये सरकारने राखीव साठ्यासाठी २,४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर केली होती. ती तुमच्या गावात किती जणांपर्यंत पोचली? तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला एवढा विषय पुरे. आकड्यांसाठी बाजार समितीत चकरा माराव्या लागतील. तोही अभ्यासच.

मुलगा सीए सोडून इकॉनॉमिक्स म्हणतोय. पोटापाण्याचं काय? (पालक, सोलापूर)

तीन वर्षांच्या पदवीवर कोणी अर्थतज्ज्ञ होत नाही, हे आधी धरून चला. यूपीएससीच्या इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला पदव्युत्तर पदवी लागते (बिझनेस इकॉनॉमिक्समधली चालते), आणि रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागालाही. म्हणजे पाच वर्षांची तयारी हवी. घरात ओढाताण असेल तर बीकॉम आणि सोबत सीए हाच बरा. आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या उमेदवारीत, थोडा का होईना, स्टायपेंड सुरू होतो. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेला माणूस हे सांगतोय, म्हणून नीट ऐका. पण मुलगा सीएच्या नुसत्या धास्तीने पळत असेल, तर इकोनोमेट्रिक्सचा (आर्थिक आकडेवारीवरच्या संख्याशास्त्राचा) पेपर त्याला तिथेही गाठेल.

भाची पुण्याहून इकडे अंडरग्रॅडला येतेय. ‘बिझनेस इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी’ चांगलं का? (मावशी, न्यू जर्सी)

या नावाचा विभाग व्हार्टनमध्ये, म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये आहे. गंमत अशी की तिथे फायनान्स घेणाऱ्याला आणि मार्केटिंग घेणाऱ्यालाही ‘बीएस इन इकॉनॉमिक्स’ हीच पदवी मिळते. तेव्हा नावावर जाऊ नका, पेपर कोणते आहेत ते बघा.

तुमच्या भाचीसाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला दिलेला वर्गीकरणाचा क्रमांक. ४५.०६०१ म्हणजे साधं इकॉनॉमिक्स. ते स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत नाही. ४५.०६०३ म्हणजे इकोनोमेट्रिक्स आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स. ते मोडतं, आणि त्यावर १२ महिन्यांच्या ओपीटीनंतर (विद्यार्थी व्हिसावर काम करायच्या परवानगीनंतर) आणखी २४ महिने मागता येतात. प्रवेशाआधी कॉलेजला ईमेल करून कोड लेखी घ्या.

कॉलेज सुरू होईपर्यंत काय वाचू? (विद्यार्थी, ठाणे)

वाचू नकोस, बाबांच्या पगाराच्या स्लिपा माग. वर्षभराच्या. ‘पीटी’ नावाची एक ओळ दिसेल: दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून महाराष्ट्राने १९७५ मध्ये त्याचा कायदा केला. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला हातभार लावायचा, अशी ती कल्पना.

आता फेब्रुवारीतच ३०० का, ते शोध. ११ गुणिले २०० अधिक ३००, बरोबर २,५००. या कराला राज्यघटनेने घातलेली वार्षिक मर्यादा तेवढीच आहे, आणि ती १९८८ पासून हललेली नाही. म्हणून महिना १२ हजार मिळवणारा पुरुष आणि १२ लाख मिळवणारा साहेब दोघेही सारखाच कर भरतात. हे बरोबर की चूक, यावर एक पान लिही आणि मला पाठव. इंग्रजीतच लिहायला हवं असं काही नाही.