ठरावीक आकारात व्हिडिओ बसवताना

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. तासांचे व्हिडिओ संस्थेच्या संकेतस्थळावर चढवताना एका फाइलला १०० एमबीची मर्यादा आहे. व्हिडिओ लहान करणाऱ्या हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये दर्जाचा आकडा २३ ठेवला, तर २० मिनिटांचा एक तास ६० एमबीत बसतो आणि तेवढाच दुसरा १८० एमबी होतो. आकार आधी ठरवून व्हिडिओ लहान करता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : होय, करता येईल; मात्र त्यासाठी दर्जाचा आकडा बाजूला ठेवावा लागेल. २३ हा आकडा चित्राचा दर्जा साधारण सारखा राखण्याची सूचना देतो, आणि त्यासाठी किती जागा लागेल हे चित्रातल्या हालचालीवर व बारकाव्यांवर अवलंबून राहते. स्थिर स्लाइडला थोडी जागा पुरते, तर हातात धरलेल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रयोगाला पुष्कळ लागते.

फाइलचा आकार म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारे बिट, म्हणजेच बिटरेट, गुणिले एकूण सेकंद. आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० एमबी म्हणजे ८,००,००० किलोबिट. त्यांना १,२०० सेकंदांनी भागले, की सेकंदाला सुमारे ६६६ किलोबिट मिळतात. चित्र आणि आवाज एकत्र बांधणाऱ्या फाइलच्या वेष्टनालाही थोडी जागा लागते आणि अंदाज किंचित चुकू शकतो, म्हणून ६४० धरावेत. त्यांतले ६४ आवाजाला द्यावेत. एकट्या शिक्षकाच्या बोलण्याला मोनोमध्ये, म्हणजे आवाजाच्या एकाच वाहिनीत, तेवढे पुरतात. चित्रासाठी सुमारे ५७५ उरतात. हँडब्रेकच्या व्हिडिओ विभागात सरासरी बिटरेटचा पर्याय निवडून हा आकडा भरावा आणि मल्टी-पासच्या चौकटीत खूण करावी. पहिल्या फेरीत प्रणाली संपूर्ण व्हिडिओ तपासून अवघड भाग कोणते ते टिपून ठेवते आणि दुसऱ्या फेरीत त्यानुसार बिट वाटते. वेळ अधिक लागतो, पण आकार नेमका साधायचा असेल तर तो जरूर द्यावा.

अनेकांची अशी समजूत असते, की चित्राची चौकट १०८० वरून ७२० (म्हणजे चित्राच्या उंचीतले ठिपके) केली किंवा व्हिडिओ दाबून साठवण्याच्या एच.२६४ या पद्धतीऐवजी नवी एच.२६५ वापरली, की फाइल आपोआप लहान होते. बिटरेट ठरवून दिल्यावर मात्र आकारात जवळपास फरक पडत नाही. फरक पडतो तो त्याच जागेत चित्र कसे दिसते यात. आपल्या ५७५ किलोबिटमध्ये १०८० ची चौकट हालचालीच्या वेळी ठोकळ्यांसारखी फुटण्याची शक्यता अधिक. स्लाइडसाठी ७२० आणि प्रयोगासाठी ४८० ठेवावी, असे माझे मत आहे. मात्र फळ्यावरची समीकरणे वाचता येतात ना, हे एक मिनिटाचा तुकडा काढून आधी पाहावे, कारण विद्यार्थ्याला अक्षर दिसले नाही तर सारा खटाटोप व्यर्थ आहे. एच.२६५ ने चित्र सुधारते, परंतु जुन्या फोनवर ते न चालण्याची शक्यता असल्याने आपल्या विद्यार्थ्यांसाठी एच.२६४ बरे.

प्रत्येक वेळी मूळ चित्रीकरणापासूनच सुरुवात करावी. एकदा लहान केलेली फाइल पुन्हा लहान केली, तर आधीचे दोष टिपण्यातही बिट खर्च होतात. तास ४० मिनिटांचा असेल, तर चित्राच्या वाट्याला ५७५ ऐवजी सुमारे २५५ किलोबिटच येतील. अशा वेळी विषयाच्या ओघात जिथे थांबा येतो तिथे त्याचे दोन भाग करावेत.